दवाखान्याची जुनी इमारत पाडण्याआधी

सरपंच, सदस्य आणि शेतकरी बंधूंनो, गावातली जुनी चावडी, धर्मशाळा किंवा बंद दवाखाना पाडून तिथे गाळे काढायचा विषय ग्रामसभेत आला, की घाईने हात वर करू नका.

पणजीत गोवा मेडिकल कॉलेजची जुनी इमारत आहे. पोर्तुगीज राजवटीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचंच हे पुढचं रूप. कॉलेज बांबोळीला गेलं, पण इमारत पाडली नाही. २००४ साली चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा ती डागडुजी करून वापरात घेतली. पुढे तिथे कला महोत्सवाची प्रदर्शनं भरू लागली. लंडनला तर १९८१ साली बंद पडलेल्या वीजघराचं २००० साली कलादालन झालं.

आपल्याला एवढा थाट नको. लावणी आटोपली की गणपतीसाठी जाखडीची तालीम, पुढे शिमग्याआधी नमनाची. ती होते कोणाच्या तरी पडवीत; मृदंगाला ओल लागते आणि शेजारी कुरकुरतो तो वेगळाच. चार कोरड्या भिंती नि एक ओटा मिळाला तरी काम भागतं. सावर्ड्यात तर सह्याद्री शिक्षण संस्थेचं कला महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांची चित्रं, शिल्पं गावकऱ्यांना अशा जागी बघायला मिळतील.

गाळ्यांचं भाडं येतं, हे खरं. म्हणून खर्चाचं आधीच बोला. उद्घाटनाला पैसा उभा राहतो. वीजबिलाला, झाडलोटीला, फुटक्या कौलांना कोणी देत नाही. किल्ली कोणाकडे, बारशा-साखरपुड्याला भाडं किती, ते कोणत्या खात्यात, हे ठरावातच लिहा. माझं मत विचाराल तर किल्ली महिला बचत गटाकडे द्यावी. आणि सर्वांत आधी जागा नक्की कोणाच्या नावावर आहे ते कागदावर बघा, नाहीतर सगळं तिथेच अडतं.

दुरुस्तीत एक चूक सगळीकडे दिसते. जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारतात. मग आतली ओल बाहेर पडत नाही, गिलावा फुगून सुटतो. तिथे चुनाच बरा. जुन्या भिंतीवर स्लॅब टाकायची असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नको. वाशांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे वाळवी आधी लागते, तिथे टोचून बघा. गळतं कुठे ते मात्र पावसातच कळतं. तेव्हा सर जोरात असताना आत जाऊन जमिनीवर विटेच्या खुणा करून ठेवा. पाऊस गेल्यावर कौलं शाकारणाऱ्याला त्याच दाखवायच्या.