मासा आधी पाणी चाखतो

सबमिशन संपलं त्या रात्री हॉस्टेलवर आम्ही चौघी एकच रील पाचव्यांदा बघत होतो. समुद्राच्या खडकावर उभा असलेला एक पोरगा गळाला चक्क चीजचा तुकडा लावतो. पुढच्या कटमध्ये बटाट्याचा वेफर, मग नूडल्स, मग चॉकलेट. मासा लागतो की नाही, एवढाच काय तो सस्पेन्स. तुमच्याही फीडमध्ये असलं काहीतरी येऊन गेलंच असेल. आमच्यातली एक म्हणाली, "आपण पण करूया की! नाहीतरी गुहागरचा प्लॅन आहेच."

मी उंब्रजची. आमच्याकडे तारळी कृष्णेला मिळते आणि उन्हाळ्यात त्या काठावर गळ टाकून बसलेलं कुणी ना कुणी दिसतंच. आमचा आज्जाही बसायचा. त्याचं आमिष ठरलेलं होतं. गव्हाची कणीक, त्यात शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर कापूस. कापूस कशाला, तर पाण्यात गोळा विरघळू नये, गळाला धरून राहावा म्हणून. लहानपणी मला वाटायचं, मासे चपाती खातात म्हणजे ते आपल्यासारखेच असणार. त्यामुळे रील बघून मला काही वेगळं वाटलं नाही. नदीतला मासा कणीक खातो, तर समुद्रातला वेफर का नाही खाणार?

म्हणून आम्ही सामान बांधलं. शेव, वेफर, चीजच्या वड्या, बिस्किटं, कणीक आणि आठवडी बाजारातून घेतलेला पाव किलो सुका जवळा. जवळा खरंतर आईनं चटणीला आणायला सांगितला होता, तो आम्ही परस्पर पळवला. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असं करत आम्ही गुहागर गाठलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धोपाव्याच्या जेटीवर जाऊन बसलो. समोर दाभोळची खाडी. वाशिष्ठी नदी इथंच समुद्राला मिळते.

आता निकाल सांगते. शेव पाण्यात पडल्या पडल्या विरघळली. वेफर तरंगत राहिला आणि तो कावळ्यानं नेला. बिस्किटाचा लगदा झाला. चीज बराच वेळ टिकलं, पण गळ वर काढला तर छोट्या खेकड्यांनी ते कुरतडलेलं. दोन तास गेले तरी आमच्याकडे व्हिडिओ भरपूर आणि मासे शून्य! शेजारी एक आजोबा गरवत बसले होते. (कोकणात गळाला 'गरी' म्हणतात आणि गळानं मासे धरण्याला 'गरवणं'.) त्यांच्या गरीला तारलीचा तुकडा होता. तारळी आमची नदी, तारली त्यांचा मासा! ते मगापासून आमचा तमाशा बघत होते. शेवटी म्हणाले, "काय गो, घाटावरनं आल्यात काय? माशाला पार्टी देताय की त्याला पकडताय?"

मग मी आज्जाची आयडिया काढली. कणकेत जवळा कुस्करून घातला, थोडा कापूस मिसळला, गोळा घट्ट मळला. पंधरा-वीस मिनिटांत एक शिंगाळा लागला. आजोबांनी आम्हाला हात लावू दिला नाही. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे काटे असतात, ते टोचले तर हात सुजतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनी फडक्यात धरून तो सोडवला. नंतर नुसत्या कणकेच्या गोळीवर एक बोयही आला. वितीपेक्षा लहान होता म्हणून परत सोडला.

जमलं का? जमलं. पण का जमलं, हे मला परतीच्या एसटीत सुचलेल्या प्रश्नांनी जास्त छळलं. घरी येऊन मी वाचायला बसले, तेव्हा कळलं की माशाला आपण काय खायला देतो त्याआधी त्याला पाण्यातून काय पोचतं, ते महत्त्वाचं आहे.

माशाला नाक असतं, पण ते श्वासासाठी नसतं. पाणी एका छिद्रातून आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं आणि मधल्या वेळात मासा त्यात काय विरघळलंय ते हुंगतो. कोळंबी, माकूल, तारली यांच्या मांसातून अमिनो आम्लं पाण्यात सुटतात. तो वास प्रवाहाबरोबर लांब जातो आणि मासा त्याचा माग काढत येतो. जवळा म्हणजे वाळवलेली इवलीशी कोळंबीच, त्यामुळे आमची कणीक माशाला ओळखीची वाटली असणार. शिंगाळ्याच्या जातीची तर कमालच. या माशांच्या मिशांवरच नव्हे, तर अंगाच्या कातडीवरसुद्धा चव ओळखणाऱ्या पेशी असतात. म्हणजे हे मासे अख्ख्या अंगानं पाणी चाखतात! बोयचं गणित वेगळं. तो शेवाळ आणि तळाचा मऊ गाळ खाणारा मासा. त्याला मऊ कणीक किंवा पाव चालतो. इंग्लंडच्या बंदरांतही या जातीच्या माशांसाठी गळाला पावाचा तुकडाच लावतात.

जगभर लोकांनी यात काय काय करून बघितलंय ते वाचलं तर आमचा वेफर अगदीच बाळबोध वाटतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात नदीतल्या कॅटफिशसाठी गळाला साबणाची वडी कापून लावतात. चरबीपासून बनवलेला साधा साबण. बंगालमध्ये गळवाले लाल मुंग्यांची अंडी वापरतात आणि मोहरीची पेंड, मेथी वगैरे घालून माशांना जमवणारं एक खास मिश्रण तयार करतात. या सगळ्या 'विचित्र' आमिषांमागे व्हायरल होण्याची हौस नव्हती. कोळंबी महाग, ती घरात खायची की गळाला लावायची? म्हणून मग जे स्वस्त, जे उरलेलं, जे हाताशी, ते लावून बघायचं. आज्जाची पेंडही तशीच, म्हशीच्या वाट्यातली.

इथपर्यंत सगळं मजेत आहे. आता जरा अवघड भागाकडे येऊ.

कुंभार्ली घाट उतरताना खाली पोफळी दिसतं. कोयनेचं पाणी बोगद्यांमधून तिथं वीजघरात पडतं आणि वीज तयार झाली की वाशिष्ठीत जातं. कृष्णा पाणीवाटप लवादानं या वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलेलं आहे. एरवी हेच पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं. म्हणजे ज्या खाडीत आम्ही गळ टाकून बसलो होतो, तिच्यात आमच्या साताऱ्याचंच पाणी होतं. आपण घाटावरचे, समुद्र आपल्यापासून लांब, असं मला वाटायचं. ते काही खरं नाही.

आणि या दोन्ही पाण्यांची तब्येत बरी नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. फोटो तुम्ही पाहिले असतील. दूषित पाण्याचं ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. तिकडे दाभोळ खाडीचे मच्छीमारही लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलेत. सेंद्रिय सांडपाणी नदीत आलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरून मरतात. पण मासा मरण्याच्या आधीही बरंच काही बिघडतं. तांब्यासारख्या धातूचा अगदी किंचित अंश पाण्यात असला तरी माशाची वास घेण्याची क्षमता कमी होते, हे सालमन माशांवरच्या संशोधनात दिसून आलंय. ज्या नाकावर त्याचं खाणं, शत्रूपासून पळणं, जन्मलेल्या ओढ्यात परत येणं अवलंबून आहे, तेच बंद पडतं. मग गळाला जवळा लावा नाहीतर चीज, काय फरक पडतो?

इथं कुणी म्हणेल, "एका वेफरनं नदी मरते का? कारखान्यांना सांगा की!" बरोबर आहे. एका वेफरनं काहीच होत नाही. विद्यार्थ्यांना 'कचरा टाकू नका' सांगून मोठ्यांना मोकळं सोडायचं, हा आपल्याकडचा जुना खेळ आहे आणि मला तो खेळायचा नाही. पण जेटीवरून उठताना मी आमच्या जागेकडे बघितलं. वेफरची दोन पाकिटं, चीजची चांदी आणि खडकात अडकून तुटलेली नायलॉनची दोरी. पाकिटं आम्ही उचलली. दोरी पाण्यातच राहिली. ती विरघळणार नाही. त्याच गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि त्यांच्यासाठी असली दोरी म्हणजे फास. हा काही कारखान्याचा दोष नव्हता. आमचाच होता.

त्यामुळे विचित्र आमिषाचे व्हिडिओ करू नका, असं मी म्हणणार नाही. उलट करा. कुतूहल वाईट नसतं. मीसुद्धा त्या रीलमुळेच एवढं वाचलं. फक्त काही गोष्टी पाळा. पाकीटबंद, तळलेलं, मसाल्याचं काही पाण्यात ओतू नका. त्यानं मासा लागत नाही, हे आम्ही तुमच्यासाठी करून बघितलंय. कणीक, पेंड, सुकट, माशांचे टाकाऊ तुकडे, एवढं पुष्कळ झालं. तुटलेली दोरी जमेल तेवढी ओढून काढा. लहान मासा सोडून द्या. २०२३ मध्ये राज्य सरकारनंही समुद्रातल्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय. आणि पावसाळ्यात समुद्रातल्या खडकावर जाऊच नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकासुद्धा किनाऱ्याला बांधलेल्या असतात. माशांचा तो विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते घरी बसतात, तेव्हा आपण रीलसाठी लाटेपुढे उभं राहण्यात कसली हिंमत?

पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. गळ टाकणारा माणूस तासन् तास पाण्याकडे बघत बसतो. एवढ्या निवांतपणे नदीकडे आता दुसरं कोण बघतं? पाण्याचा रंग बदलला, फेस आला, वास मारायला लागला, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले, हे सगळ्यांत आधी त्याला दिसतं. आज्जा म्हणायचा, "आज पानी बरं न्हाई." आम्ही हसायचो. आता वाटतं, त्याचं म्हणणं कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. तारखेसकट.

ते काम तुम्ही करू शकता, आणि त्यासाठी वेगळी संघटना काढायची गरज नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात पर्यावरणाचा पेपर आपल्या सगळ्यांना असतो आणि त्याचा प्रोजेक्टही असतो. तो आपण कसा करतो, ते मी सांगायला नको. सीनियरची फाइल, नवीन कव्हर, त्याच सोलर कुकरचं तेच चित्र! मीही तेच केलंय. यंदा तो प्रोजेक्ट खरा करा. तुमच्या गावच्या नदीवर एक जागा ठरवा. दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी तिथलं पाणी बाटलीत भरा. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची साधी पद्धत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत करता येते, सरांना विचारा. मासे आणि जलजीवांसाठी लिटरला किमान ४ मिलीग्रॅम ऑक्सिजन हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तुमचा आकडा त्याखाली गेला तर तारीख, जागा आणि फोटोसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. एका कॉलेजचा एक आकडा कुणी मनावर घेणार नाही. पण वाई, उंब्रज, कराड, इस्लामपूर, सांगली अशा पाच ठिकाणचे वर्षभराचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर पाणी नेमकं कुठून बिघडतं, ते सांगायला तज्ज्ञ लागणार नाही.

आणि हो, बाटली भरून झाली की तिथंच तासभर गळ टाकून बसा. कणकेत कापूस घालायला विसरू नका.