नदी तीन राज्यांची, पेपर मात्र गाईडवरचा

म्हादई खानापूर तालुक्याच्या डोंगरात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा मात्र पूर्वेकडे वळते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाते. एकाच तालुक्याचा पाऊस दोन समुद्रांना! या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र वर्षानुवर्षे भांडत आहेत. पण याच भागात पदवी घेणारी पोरं पर्यावरणाचा सक्तीचा पेपर देतात, तेव्हा त्यांच्या वहीत म्हादई असेलच असे नाही.

ही सक्ती आली न्यायालयातून. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रखडल्याने २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. २०२३ मध्ये आयोगाने नवा आराखडा दिला आणि विषयाला ४ क्रेडिट ठरवले.

कागदावर हेतू चांगला होता. वाणिज्य असो, कला असो की अभियांत्रिकी, पर्यावरण सगळ्यांनी शिकावे. जुन्या अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला होते. नदी, तळे, डोंगर प्रत्यक्ष पाहून नोंदी करायच्या होत्या. प्रत्यक्षात बऱ्याच महाविद्यालयांत ज्याचा वर्कलोड भरत नाही त्या शिक्षकाकडे हा विषय जातो. पोरं गाईड आणतात, नेटवरून प्रकल्प उतरवतात, पेपर काढतात आणि विसरतात. सगळ्यांचा म्हणून आणलेला विषय कोणाचाच राहिला नाही.

म्हादईचा प्रश्न हातात घेतला की एका शाखेचे ज्ञान किती तोकडे पडते ते कळते. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात लवादाने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे. कळसा-भांडुरातून मलप्रभेत वळवायचे पाणी ३.९ टीएमसी. हे आकडे वाचायला जलविज्ञान लागते. निवाड्याला तिन्ही राज्यांनी आव्हान दिले, ते समजायला कायदा लागतो. भीमगडच्या जंगलावर काय परिणाम होईल हे वनस्पती आणि प्राणिशास्त्रवाला सांगेल. गोड्या पाण्याचा जोर कमी झाला तर मांडवीच्या काठच्या खाजन शेतीत खारे पाणी किती आत येईल, हे भूगोल आणि कृषीवाल्यांनी मिळून पाहायचे. आणि नरगुंद-नवलगुंदचा शेतकरी याच पाण्यासाठी रस्त्यावर का उतरला, हे अर्थशास्त्राशिवाय उलगडत नाही. यातला एकच धागा धरला की अभ्यासाची वकिली होते, मग ती कोणत्या राज्याची ते अभ्यासकाच्या पत्त्यावरून कळते.

एवढे लांबही जायला नको. बेळगावचे सांडपाणी वाहून नेणारा बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगतो आणि शहापूर, वडगाव, अनगोळ शिवारातली भातशेती पाण्याखाली जाते. अभियांत्रिकीच्या मुलांनी नाल्याचा उतार, रुंदी आणि गाळ मोजावा. रसायनशास्त्रवाल्यांनी पाणी तपासावे. वाणिज्यच्या मुलांनी एकरी नुकसानीचा हिशेब मांडावा. राज्यशास्त्रवाल्यांनी जबाबदारी महापालिकेची की पाटबंधारे खात्याची ते कागदपत्रांतून शोधावे. पाच-दहा वर्षे अशा नोंदी साठल्या, तर नुकसानभरपाई मागणाऱ्या शेतकऱ्याच्या निवेदनाला वजन येईल. आज त्याला पंचनाम्यावरच अवलंबून राहावे लागते.

एक आक्षेप रास्त आहे. सगळ्यांना सगळे थोडे थोडे शिकवले तर खोली येत नाही. म्हणूनच प्रत्येक शाखेने दुसऱ्याचा धडा पाठ करण्यात अर्थ नाही. आपापली हत्यारे घेऊन सगळ्यांनी एकाच प्रश्नावर बसायला हवे. पर्यावरणशास्त्राचे स्वतंत्र विभाग त्यासाठी लागतीलच, पण ते एकटे पुरणार नाहीत.

दुसरी अडचण हद्दीची. बेळगावात राणी चन्नम्मा, कोल्हापुरात शिवाजी आणि पणजीजवळ गोवा विद्यापीठ. तिन्ही काही तासांच्या अंतरावर आहेत, पण विद्यापीठाची हद्द राज्याबरोबर संपते आणि नदीची संपत नाही. इथे सीमाभागातला मराठी विद्यार्थी उपयोगी पडतो. कणकुंबीच्या म्हाताऱ्यांशी तो त्यांच्या भाषेत बोलतो, सरकारी कन्नड कागद वाचतो आणि गोव्याची कोकणीही त्याला समजते. एरवी नोकरीच्या वेळी ओझे वाटणारी ही भाषांची सरमिसळ शिवारातल्या अभ्यासात मोठे भांडवल आहे.

यासाठी तिन्ही राज्यांचा करार होईपर्यंत थांबायची गरज नाही. क्षेत्रकार्याला नव्या आराखड्यातही जागा आहे. खानापूर, चंदगड आणि सत्तरीतल्या एकेका महाविद्यालयाने ठरवले, तर एकाच पावसाळ्यात एकाच पद्धतीने पाऊस आणि नाल्यांचे पाणी मोजता येईल आणि नोंदी एकमेकांना देता येतील. नदीत वर्षाला पाणी किती, यावरच लवादासमोर राज्यांचे एकमत नव्हते. पुढच्या वादात निदान काठावरच्या गावांकडे स्वतःचे आकडे असावेत.