विजेची शीळ आणि अनुदानाची मुदत

ज्यास वेतन द्यावे लागत नाही, इंधन पुरवावे लागत नाही आणि जो कधी संपावर जात नाही, असा एक रेडिओप्रक्षेपक निसर्गाने आपणांस देऊन ठेविला आहे. तो म्हणजे आकाशातील वीज. पृथ्वीवर ती दर सेकंदास सरासरी ४४ वेळा चमकते, आणि प्रत्येक वेळी रेडिओलहरी दूरवर पसरतात.

जमिनीपासून ६० ते ९० किलोमीटर उंचीचा वातावरणाचा भाग संशोधकांना नेहमीच अडचणीचा. बलून तेथवर पोचत नाहीत, उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. विजेच्या लहरी मात्र तेथील विद्युतभारित थरावर आपटून परततात. रात्री दूरच्या विजेचा आवाज ग्राहकयंत्रात उतरत्या सुरात ऐकू येतो आणि सेकंदास सुमारे १,७५० कंपनांपाशी विरतो. प्रकाशाच्या वेगास, म्हणजे ३ लाख किलोमीटरांस, या आकड्याच्या दुपटीने भागावे. उत्तर येते सुमारे ८६ किलोमीटर. हीच त्या छताची उंची! शाळेतील मुलानेही करावा असा हा भागाकार आहे.

काही लहरी हे छत भेदून चुंबकीय बलरेषांच्या वाटेने हजारो किलोमीटर अंतराळात जातात व दुसऱ्या गोलार्धात उतरतात. उच्च कंपनांच्या लहरी आधी पोचतात, नीच मागाहून. त्यामुळे क्षणभराच्या कडकडाटाची लांब शीळ होते. पहिल्या महायुद्धात शत्रूचे दूरध्वनी चोरून ऐकताना बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञास ती ऐकू आली. १९१९ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. तिचा समाधानकारक उलगडा केंब्रिजच्या स्टोरीने केला तो १९५३ साली. अंतराळात कल्पनेपेक्षा पुष्कळच अधिक इलेक्ट्रॉन आहेत, हे त्याने जमिनीवर बसून दाखविले. स्पुटनिक उडावयास तेव्हा चार वर्षे अवकाश होता.

मधली ३४ वर्षे अर्थशास्त्राच्या अध्यापकास विशेष बोलकी वाटतात. तीन वर्षांत 'फलित' मागणाऱ्या अनुदानपद्धतीत ही शीळ कोणत्या रकान्यात बसली असती? येथे यंत्रसामग्री स्वस्त आहे : तारेचे वेटोळे, ध्वनिवर्धक, संगणक. महाग आहे ते सातत्य, आणि वीजवाहक तारांच्या गुणगुणाटापासून दूर असलेली जागा. शांततेचे हे मोल आपल्याकडे पूर्वी ओळखले गेले होते. मुंबईत विजेवरील ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आले, आणि म्हणूनच ती नोंदमालिका अखंड राहिली.

राज्यातील विद्यापीठांनी आडगावची चार-दोन महाविद्यालये निवडून त्यांच्या भौतिकशास्त्र विभागांकडे विजेच्या नोंदी सोपवाव्यात. तरतूद मात्र सलग ११ वर्षांची, म्हणजे सूर्यावरील डागांच्या एका आवर्तनाएवढी, एकदाच मंजूर करावी.