पदक कांस्याचे, बर्फ दोन महिन्यांचा

जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे महिला आशिया चषक आइस हॉकी स्पर्धेत भारताने कांस्यपदक जिंकले. संघातील बहुतेक मुली लडाखच्या. त्यांत बौद्ध आहेत, तशा मुस्लिमही.

२०१६ मध्ये हा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तेव्हा सगळे सामने हरला. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ असे हरवून त्याने पहिला विजय मिळवला.

हा प्रवास मुख्यतः गोठलेल्या तळ्यांवर झाला. तो बर्फ जेमतेम दोन महिने टिकतो. वाळवंटातल्या अमिरातीत मात्र बारमाही रिंक आहेत. आपल्याकडे देहरादूनला २०११ मध्ये बांधलेली रिंक कित्येक वर्षे बंद होती. म्हणजे उणीव मुलींच्या जिद्दीत नाही, सोयींत आहे.

समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. त्या मापाने लडाखच्या मुली पुढे गेल्या, व्यवस्था मागे राहिली. त्यांचे अभिनंदन करताना त्यांच्यासाठी वर्षभराच्या सरावाची मागणीही आपण लावून धरली पाहिजे.