सलग पंचवीस मिनिटं कुठून आणायची?

दरवर्षी जानेवारीत मी दहावीच्या वर्गात फळ्यावर एक वेळापत्रक लिहायचो. पहाटे साडेचारला उठणे, पाच ते सात गणित, संध्याकाळी सात ते नऊ भाषा, दहाला झोप. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, मुली त्याला रंगीत चौकट काढायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं होतं तसंच चालायचं. मी मात्र वेळेच्या नियोजनावर मार्गदर्शन केलं, या समाधानात असायचो.

२०२५च्या जानेवारीत मी त्यात थोडी भर घातली. मोबाइलवर कुठल्या तरी प्रेरणादायी वक्त्याचं ऐकलं होतं : पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा पंचवीस मिनिटं. ते वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, सलग पंचवीस मिनिटं कुठून आणायची?" वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसलो.

घरी गेल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी वेळापत्रक पुसलं आणि मुलांना म्हटलं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते तासातासाने चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझ्यापुढे डहाणू गावातली मुस्लिम मुलं असतात, मच्छीमारांची असतात, आणि तलासरीच्या बाजूने एसटीने येणारी वारली मुलंही. त्या चिठ्ठ्या वाचताना माझा अर्धा रविवार गेला. एक मुलगा शाळा सुटली की हायवेवरच्या गॅरेजमध्ये वडिलांच्या हाताखाली रात्री नऊपर्यंत पाने आणि नट मोजत होता. एका मुलीची आई पहाटेच मासळी आणायला जाते, म्हणून दोन धाकट्या भावंडांची आंघोळ, डबा, वेणीफणी हिच्याकडे. एकाने लिहिलं होतं, 'चार तास मोबाइल. खोटं नाही लिहीत सर.' एकीच्या चिठ्ठीत 'पाणी भरणे' तीनदा होतं आणि 'अभ्यास' एकदा, रात्री साडेदहाला, पुढे कंसात 'झोप लागली'.

म्हणजे वर्गात काही मुलं वेळ वाया घालवणारी होती आणि काहींच्या हाती वेळच नव्हता. आणि मी इतकी वर्षं दोघांना एकच भाषण देत होतो.

गंमत अशी की याचं उत्तर आमच्याच तालुक्यात कितीतरी वर्षांपूर्वी सापडलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती. आळशी म्हणून नव्हे. कुणाला गुरं चारायची होती, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड होतं. त्या दोघींनी मुलांना 'वेळेचं महत्त्व' ऐकवलं नाही. मुलं अंगणात होती, म्हणून शिक्षण अंगणात नेलं. आज देशभर रुळलेला अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. भावंडं सांभाळावी लागतात म्हणून शाळेला जोडून पाळणाघर ठेवलं. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेला, ती कुरणशाळा. आधी मुलाचा दिवस पाहिला आणि मग वेळापत्रक केलं. बी.एड.ला आम्ही ताराबाईंचं नाव एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ केलं होतं. कोसबाड इतक्या जवळ असून त्यात आपल्यासाठी काही आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळावं, याची लाज वाटते.

शाळेचं घड्याळ काही पत्थर की लकीर नाही. २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय काढला, तोही मुलांच्या झोपेचा विचार करूनच. शासनाचं घड्याळ हलू शकतं, तर घरातलं का हलू नये?

आता आपल्या घरांकडे येतो, कारण मला मुख्य बोलायचंय ते इथे. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि २ मार्चला पहिला रोजा होता. म्हणजे उरलेले पेपर रोज्यात. त्या दिवसांत मी पुन्हा काही मुलामुलींना त्यांचा दिवस विचारला. मुलगा सेहरीला उठतो, जेवतो, फजर पढतो आणि झोपतो. नऊला उठून पुस्तक चाळून अकराच्या पेपरला येतो. मुलगी त्याच्या आधी तासभर उठते, कारण सेहरी आपोआप तयार होत नाही. नंतर भांडी. पेपरहून दुपारी परतली की जरा पाठ टेकते आणि चारपासून इफ्तारची तयारी. दोघांचाही रोजा असतो, पेपरही एकच असतो. दुसऱ्या दिवशीच्या विषयाची उजळणी मात्र एकालाच करता येते.

हे लिहिताना मला माझी आपा आठवते. मी बी.एड. करत होतो तेव्हा रात्री मला चहा करून द्यायची, माझे कपडे इस्त्री करायची. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. मी मोठ्या अभिमानाने सांगायचो की मी वेळेचं काटेकोर नियोजन करून शिकलो. ते नियोजन तिच्या वेळेतून झालं होतं, हे मी एकदाही कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही.

आपल्याकडे पाच नमाजांनी दिवस आधीच नीट वाटून दिलेला आहे. मगरिब आणि इशा यांच्यामध्ये सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो. अंधार पडलेला असतो, मुलं घरात असतात. यापेक्षा चांगला अभ्यासाचा वेळ मला तरी दिसत नाही. पण तीच रोट्यांची वेळ. मी एका वडिलांना म्हटलं, "भाई, रमजान सोडून बाकीच्या दिवसांत एवढा एक वेळ मुलीला द्या. आणि रमजानमध्ये फजरनंतरची भांडी तिच्यावर टाकू नका." ते म्हणाले, "सर, उद्या सासरी गेल्यावर काय पुस्तक वाढणार का?" मी वाद घातला नाही. मौलानासाहेबांना भेटलो. त्यांनी दहावीच्या मुलामुलींचा मकतबचा सबक परीक्षेपर्यंत रविवारी सकाळी घ्यायचं कबूल केलं. रोजचा एक तास सुटला. मला वाटलं होतं अडचण तिथे येईल. तिथे आली नाही, घरात आली.

मोबाइलवाल्या मुलांबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्याकडे वेळ आहे, तो कुठे जातो हे त्यांना माहीत आहे, आणि त्यांच्या अब्बांनाही.

ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांना मात्र मी आता सलग बसायला सांगत नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं की शिकलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं आणि अंतराअंतराने उजळणी केली तर टिकतं. म्हणून वर्गात शिकवलेलं त्याच दिवशी दहा मिनिटं पाहा, एवढंच सांगतो. शब्दार्थ, सनावळ्या, सूत्रं यांच्या चिठ्ठ्या करा आणि खिशात ठेवा. एसटीची वाट बघताना, नळाला हंडा लावलेला असताना एकेक काढा. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत यायला लागली, तेव्हापासून कॉलेजची किती मुलं गाडीतच अभ्यास करतात, ते सकाळी फलाटावर उभं राहिलं की दिसतं. पण दहा-दहा मिनिटं गोळा करून उजळणी होते. भूमितीचं प्रमेय तसं समजत नाही, निबंध तसा लिहून होत नाही. त्याला बैठक लागतेच.

या वर्षी नव्या वर्गाकडूनही चिठ्ठ्या घेतल्या आणि पालकसभेत त्या भिंतीवर लावल्या. नावं नव्हतीच. पालक वाचत फिरत होते. एक बाई माझ्याजवळ आल्या, म्हणाल्या, "सर, मला वाचता येत नाही, तुम्ही वाचून दाखवा." मी दोन-तीन वाचल्या. चौथी अर्ध्यावर आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"ही माझीच आहे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण सर, मग रोट्या कोण करणार?"

मी काही बोललो नाही. शेजारच्या बाकावर त्यांचा आठवीतला मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.