मावशी, पबमध्ये येतेस?

भाचीचा फोन आला तेव्हा मी नेमकी बचत गटाचं रजिस्टर घेऊन बसले होते. "मावशी, बंगळूरला येतेच आहेस तर एक संध्याकाळ माझ्यासाठी राखून ठेव. तुला चांगल्या पबमध्ये नेणार आहे!"

मी क्षणभर गप्पच झाले. दारूच्या गुत्त्यांविरुद्ध वस्तीतल्या बायकांना उभं करण्यात माझी बारा वर्षं गेली. 'आडव्या बाटली'च्या मतदानासाठी मी गावात दारोदार हिंडलेय. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद, हे समजावून सांगता सांगता घसा बसायचा. आणि मला पबचं आमंत्रण!

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"मावशी, तू न बघताच नावं ठेवतेस. आधी बघ, मग बोल."

हे मात्र वर्मी लागलं. 'आधी वस्तीत येऊन बघा, मग बोला,' असं मीच आजवर कितीजणांना सुनावलंय! तेव्हा गेले मुकाट्यानं.

इंदिरानगरला जाताना मेट्रोत तिला विचारलं, "तू नवीन होतीस तेव्हा या शहरात चांगली जागा कुठली, हे तुला कळलं कसं?" तर बाईसाहेबांनी शिकवणीच सुरू केली. मंडईत आपण भाजी जशी बघून, हुंगून, विचारून घेतो, तसंच म्हणे याचंही असतं.

पहिली गोष्ट, बिअर तिथल्या तिथे बनते का ते बघायचं. काचेपलीकडे स्टीलच्या नाहीतर तांब्याच्या मोठमोठ्या टाक्या दिसतात. अशा जागेला 'मायक्रोब्रूअरी' म्हणतात. बंगळुरात इंदिरानगरचं 'टॉइट' २०१० साली सुरू झालं, मग व्हाइटफील्डला जॅझ संगीत ऐकवणारं 'विंडमिल्स क्राफ्टवर्क्स' आलं, आणि पुढे अशा जागा वाढतच गेल्या. आपलं पुणंही मागे नव्हतं बरं का! 'डूलाली' २००९ सालीच पुण्यात सुरू झाली होती. गंमत म्हणजे हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकच्या देवळालीवरून आलाय. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून बघून गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला!

दुसरी गोष्ट, फळा वाचायचा. आज कुठली बिअर तयार आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. पाच-सहाच नावं असली आणि ती ऋतूप्रमाणे बदलत असली, आंब्याच्या दिवसांत आंब्याची वगैरे, तर जागा बरी. ज्या हॉटेलात पंजाबीपासून चायनीजपर्यंत सगळंच मिळतं, तिथे ताजं काय मिळणार? तोच न्याय इथे.

तिसरी गोष्ट, आधी चव मागायची. घोटभर चाखायला देताना कपाळाला आठी पडली तर सरळ उठायचं. काही ठिकाणी चार-पाच छोट्या ग्लासांचा ट्रेच मिळतो, तो दोघी-तिघींत पुरतो.

चौथी गोष्ट नाकाची, आणि त्यात आपण बायका तयारच! जुन्या लोण्यासारखा वास आला तर बिअर नीट मुरू न देता घाईनं काढलेली असण्याचा संभव. ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर शिळी. व्हिनेगरसारखा आला तर नळ्या धुतलेल्या नसाव्यात. मुद्दाम आंबट केलेली बिअरही असते, पण ती फळ्यावर तशी लिहिलेली असते.

शेवटची गोष्ट, मंगळवार-बुधवारी संध्याकाळी लवकर जायचं, शनिवारी रात्री नाही. तेव्हा कानठळ्या बसतात आणि चवीचं कोणाला पडलेलं नसतं. एका संध्याकाळी एकच भाग धरायचा, नाहीतर बंगळूरच्या ट्रॅफिकमध्येच रात्र होते. आणि वाढणाऱ्या मुलाला विचारायचं, "तू स्वतः सुट्टीच्या दिवशी कुठे जातोस?" तो सांगेल ती जागा सहसा चुकत नाही.

मी थक्क होऊन ऐकत होते. बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, पाणी, यीस्ट आणि 'हॉप्स' नावाच्या वेलीची फुलं. तीही फक्त मादी वेलीची! नंतर वाचलं तर कळलं, मध्ययुगात इंग्लंडमध्ये घरोघरी बिअर गाळायच्या त्या बायकाच. चुलीवरचंच काम ते. पुढे धंदा मोठा झाला, पैसा आला, तसा तो पुरुषांच्या हातात गेला. ही गोष्ट ओळखीची वाटते ना? आपल्याकडे झारखंडच्या आठवडी बाजारात तांदळाची हंडिया विकायला आजही बायकाच बसलेल्या असतात.

पबमध्ये पाऊल टाकताना माझा जीव धाकधूक करत होता. बघते तर एका टेबलाशी माझ्याच वयाच्या दोघी गप्पा मारत बसल्या होत्या. कोपऱ्यात एक मुलगी एकटीच पुस्तक वाचत होती. कोणी वळून बघत नव्हतं. मी लिंबू सोडा मागितला, तो तोंड वाकडं न करता आला. पाणी मागितलं, तेही आलं. स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ होतं आणि बाहेरच्या रस्त्यावर दिवे होते. पुरुष चांगल्या पबची यादी करतील तेव्हा यातलं किती त्यात येईल कोण जाणे. माझ्या लेखी मात्र हीच खरी परीक्षा. जिथे बाईला एकटीनं, हातात ग्लास असो वा नसो, निर्धास्त बसता येतं, ती जागा चांगली.

हे सहज मिळालेलं नाही. त्याच कर्नाटकात, मंगळूरला, २४ जानेवारी २००९ रोजी पबमधल्या मुलींना संस्कृतीच्या नावाखाली बाहेर ओढून मारहाण झाली होती. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. मला तेव्हापासून एक प्रश्न पडतो. वस्तीत नवरा रोज रात्री पिऊन येतो, बायकोला बडवतो, तेव्हा हे संस्कृतीचे राखणदार कुठे असतात?

पण भाचीलाही मी दोन गोष्टी ऐकवल्या. म्हटलं, "ग्लास कितीही देखणा असला तरी आतली ती दारूच. चार-पाच टक्के झाली म्हणून सरबत होत नाही. तेवढीच दारू पुरुषापेक्षा बाईच्या रक्तात जास्त चढते, कारण आपल्या शरीरात पाणी कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय, अमुक एवढी दारू निर्धोक असं प्रमाणच नाही. शिवाय एका ग्लासाला तीन-चारशे रुपये सहज पडतात, त्यात वस्तीतल्या एखाद्या घराचा दोन दिवसांचा बाजार होतो. हे विसरू नकोस." ती हसली नाही. म्हणाली, "म्हणूनच एकच ग्लास घेते, मावशी. आणि गाडी आणत नाही."

माझं मत विचाराल, तर आडव्या बाटलीला मत देणारी खेड्यातली बाई आणि पारखून पब निवडणारी माझी भाची यांना मी आमनेसामने उभं करणार नाही. दारू आपल्या आयुष्यात किती येऊ द्यायची, हे दोघींनाही स्वतः ठरवायचंय. एकीच्या घरात ती न विचारता घुसते, म्हणून ती दुकान बंद पाडते. दुसरीला नको असेल तेव्हा उठून जाता येतं. पुन्हा गुत्त्यावर मोर्चा न्यायची वेळ आली तर मी पहिल्या रांगेत असेन. आणि भाचीला कोणी पबच्या दारात अडवलं तर तिथेही उभी राहीन.

हो, दोन घोट मीही घेतले, लपवत नाही. गव्हाच्या बिअरला चक्क केळ्याचा वास होता! दुसरी, हॉप्सवाली, कारल्याच्या रसासारखी कडू. मी आपली सोड्याकडे परतले.

घरी आल्यावर गटाच्या बैठकीत बायकांनी विचारलं, "ताई, बंगळुरात काय पाहिलंत?" खरं ते सगळं सांगितलं. आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकीनं विचारलं, "ताई, तिथनं पोरी रात्री घरी कशा जातात?"

"मेट्रोनं. नाहीतर रिक्षानं."

"कोणी आडवं येत नाही?"

"मी पाहिलं तेव्हा तरी नाही."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आम्हाला हितं गुत्त्यापुढनं नळावर जायचं तर चौघी मिळून जावं लागतं. दिवसाढवळ्या."