माळ रिकामा नाही

दोन ऑक्टोबर उजाडला की वन्यजीव सप्ताह सुरू होतो आणि आठ दिवस शाळांच्या भिंतींपासून वन विभागाच्या फलकांपर्यंत सगळीकडे वाघ दिसतो. वाघाचा मान वाघाला मिळायलाच हवा. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत वाघासोबत बसवलेला लांडगा या आठवड्यात कुणाला आठवत नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात लांडगे उरले आहेत सुमारे 3,100, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. त्यांतले चारशेच्या आसपास महाराष्ट्रात आहेत. आपल्याकडच्या लांडग्याचा वंश जगातल्या हयात लांडग्यांमध्ये अतिशय प्राचीन आहे, हेही आता जनुकीय अभ्यासाने समोर आणले आहे.

या जनावराशी सरकारचे वैर जुने आहे. ब्रिटिश अमदानीत लांडगा मारून आणणाऱ्याला सरकारी खजिन्यातून बक्षीस मिळे. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले असावेत, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. बक्षिसे थांबली, कायदा आला. तरीही लांडग्याचे घर सरकारच्या लेखी आजही ओसाड जागा आहे.

हे घर म्हणजे माळ. सासवड, जेजुरी, सुपे, इंदापूर, तिकडे सोलापूरजवळचे नान्नज. कुसळी आणि पवन्या गवताचा, चिंकारा, ससा, खोकड यांचा हा मुलूख सरकारी नकाशात ‘पडीक’ म्हणून रंगवला जातो. पडीक म्हटले की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते. औद्योगिक वसाहत येते, प्लॉटिंग होते, मुरूम उपसला जातो. सर्वांत दुःखाची गोष्ट ही, की चांगल्या हेतूनेही माळ मोडला जातो. 2019 च्या 33 कोटी वृक्षलागवडीसारख्या मोहिमांच्या काळात गवताळ जमिनीतही खड्डे खणले गेले. गिरिपुष्पाची रोपे जगली की खालचे गवत मरते, आणि गवतावर जगणारे सगळेच निघून जाते. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचे आहे. लांडग्यांच्या एका कळपाला शंभर-दोनशे चौरस किलोमीटरचा वावर लागतो. म्हणजे हा प्राणी अशा अभयारण्यात मावतच नाही. तो राहतो गायरानात, शेताच्या बांधावर आणि धनगराच्या वाड्याच्या आसपास.

त्या वाड्यावर रात्री काय घडते, ते मुंबईतल्या फायलींना कळत नाही. मेंढरे वाघुरीच्या जाळ्यात कोंडलेली असतात, कुत्री राखणीला असतात, तरी पहाटे एखादे कोकरू जाते. भरपाईसाठी पंचनामा हवा आणि पंचनाम्यासाठी मेलेले जनावर दाखवायला हवे. लांडगा कोकरू उचलूनच नेतो, मागे राहिले तर थोडी लोकर आणि रक्ताचा डाग. अधिकाऱ्याची वाट पाहत खांड तिथेच थांबवली, तर बाकीची मेंढरे उपाशी राहतात. मग धनगर अर्ज न करता पुढच्या गावी निघतो. लांडग्याचा वाटा लांडग्याला, असे मानणारे म्हातारे धनगर अजून भेटतात. लांडगा आजवर टिकला तो बराचसा या समजुतीवर. तिची किंमत सरकारने कधी मोजलेली नाही. फिरत्या मेंढपाळासाठी मोबाइलवरच्या फोटोवर आणि दोन साक्षीदारांच्या सहीवर आठवड्याभरात भरपाई देणे अवघड नाही.

दुसरे संकट कुत्र्यांचे. पुण्याच्या परिसरात कोंबड्यांचे अवशेष माळावर फेकले जातात, त्यावर भटकी कुत्री आणि लांडगे एकत्र येतात. रेबीज, डिस्टेंपर तिथूनच पसरतात. 2023 मध्ये पुण्याजवळच्या प्राण्यांच्या जनुकीय तपासणीत लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा पुरावाही मिळाला. कचरा उचलणे आणि कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण ही ग्रामपंचायतीची कामे वाटतात, पण लांडग्याचे रक्षण इथूनच सुरू होते.

बहराइचचे नाव टाळून हा विषय बोलता येणार नाही. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले गेली. त्या आईबापांच्या दुःखापुढे प्राणिप्रेमाची भाषणे करू नयेत. माणसावर चालून येणारे जनावर हटवलेच पाहिजे. पण कायद्याच्या कलम 11 नुसार पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसेल तरच मारण्याचा लेखी आदेश निघू शकतो. ही पायरी चुकवून दिसेल त्या लांडग्याला गोळी घातली, तर खरा दोषी मोकळाच राहतो आणि पुढचे मूल धोक्यात येते. दार नसलेल्या घराला दार आणि गावाला रात्रीचा उजेड मिळणे हे त्या मुलांसाठी बंदुकीपेक्षा अधिक तातडीचे होते.

पुणे वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली, हे मनापासून स्वागत करण्यासारखे पाऊल आहे. माळ जिवंत ठेवण्यात गावाला चार पैसे दिसू लागले. पण गाड्या पिल्लांच्या बिळापर्यंत नेण्याचा मोह तिथे कठोरपणे आवरावा लागेल.

दिवाळीनंतर माळावर लांडग्यांचा विणीचा हंगाम येतो. डिसेंबर-जानेवारीत ओढ्याच्या काठांवर, मुरमाच्या कपारींत पिल्ले होतात, आणि नेमक्या याच कोरड्या दिवसांत मुरमाचे परवानेही निघतात. जिल्हाधिकारी कार्यालय आणि वन विभागाने यंदा नोव्हेंबरच्या आत एकत्र बसून माहितीतली बिळे नकाशावर घ्यावीत आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत त्या गटांत एकाही जेसीबीला परवानगी देऊ नये.